कंदमुळांच्या काचऱ्या : थोडे तेल आणि वर झाकण

आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र जवळ आली की नांदेड व लातूरच्या भाजीबाजारांत रताळ्यांचे ढीग लागतात. भाव चढतो. सण उलटला की तेच रताळे कोणी विचारीत नाही. आपल्या भागात रताळे हे उपवासाचे अन्न ठरून गेले आहे. ते उकडावे, सोलावे, गुळाबरोबर अथवा दुधात कुस्करून खावे आणि पुढच्या उपवासापर्यंत विसरून जावे, अशी रीत पडली आहे. सुरण व अरवी ह्यांची स्थिती तर ह्याहूनही वाईट. घशाला खाज सुटते ह्या धास्तीने कित्येक घरांत सुरण चुलीपर्यंत पोचतच नाही.

ही कंदमुळे भाकरीबरोबर नेहमीच्या जेवणात यावीत, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. त्यासाठी नवीन पदार्थ शिकण्याची गरज नाही. बटाट्याच्या काचऱ्या मराठवाड्यात घरोघरी होतात. कोकणात ज्यांना काप म्हणतात ते ह्याच काचऱ्यांचे जाडसर भावंड होय. तीच कृती रताळ्याला, सुरणाला व अरवीला लावताना काही ठिकाणी चूक होते. कंद आत कच्चा राहतो, वरून जळतो, तेल पितो किंवा खाजतो. गृहिणी एकदा फसली की पुन्हा त्या वाटेस जात नाही. म्हणून चूक नेमकी कोठे होते ते येथे पाहू.

तेल कशासाठी?

उकडलेले रताळे हे उत्तम अन्न आहे, ह्याबद्दल वाद नाही. परंतु त्यातील एक गुण तेलावाचून अंगी लागत नाही. केशरी गराच्या रताळ्यात, गाजराप्रमाणेच, कॅरोटीन नावाचे द्रव्य असते. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. ह्या जीवनसत्त्वाची उणीव झाली की मुलांना प्रथम रातांधळेपणा येतो आणि उणीव तशीच राहिली तर डोळे कायमचे अधू होऊ शकतात. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. जेवणात थोडा तरी स्निग्धांश असल्याखेरीज आतड्यांतून ते नीट शोषले जात नाही. तेव्हा काचऱ्यांवर घातलेले चमचाभर तेल ही जिभेची चैन नव्हे, ते त्या अन्नाचे निम्मे काम आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या बाजारात येणारे बहुतेक रताळे सालीने तांबडे व गराने पांढरे असते. पांढऱ्या गरात कॅरोटीन नाममात्रच. सालीच्या रंगावर जाऊ नये, रताळे कापून पाहावे. केशरी गराचे बेणे मिळविण्याचा प्रयत्न गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवश्य करावा. तिरुवनंतपुरम येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या भुवनेश्वर येथील केंद्राने ‘भू सोना’ नावाचा वाण दिला आहे. त्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. लहान मुलाची दिवसाची गरज भागविण्यास अशा रताळ्याच्या मूठभर काचऱ्या पुरेत. आफ्रिकेतील मोझांबिक व युगांडा ह्या देशांत केशरी रताळ्याचा प्रसार ह्याच कारणासाठी करण्यात आला, आणि त्या कामाबद्दल २०१६ सालचा जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला. तेथील प्रश्न आणि आपल्या वाड्यातांड्यांवरील मुलांचा प्रश्न फार वेगळा नाही.

तेल कोणते वापरावे? मराठवाड्याचे घरचे तेल करडईचे. सोयाबीनचा पेरा वाढला तसा करडईचा पेरा आपल्याकडे फार घटला. तरीही परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले आहेत आणि काट्यांचा कंटाळा असणाऱ्यांसाठी ‘पीबीएनएस-४०’ हा बिनकाट्याचा वाणही आहे. घरापुरती करडई पेरणारे शेतकरी आजही आढळतात. साधारण चार किलो करडईपासून घाणीवर किलोभर तेल निघते. मात्र घाणीच्या तेलाचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. कारखान्यात शुद्ध केलेल्या तेलापेक्षा ते पुष्कळ लवकर धुरावते. धूर निघू लागला म्हणजे तेल बिघडू लागले, असे समजावे. म्हणून घाणीच्या तेलावर काचऱ्या करताना आच मध्यमाहून मंदच हवी. शिवाय करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश असल्यामुळे ते पुन्हा पुन्हा तापविण्यास योग्य नाही. कढईभर तेलात तळले तर उरलेले तेल कोणी फेकून देत नाही, ते पुन्हा तापतेच. काचऱ्यांना लागते तेवढेच तेल तव्यावर घातले जाते आणि मागे काही उरत नाही. शेंगदाण्याचे तेलही ह्या कामास चांगले.

प्रमाण म्हणाल तर अर्धा किलो कंदास दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर तेल पुरते. चार-पाच माणसांत ते वाटले जाते. प्रौढ माणसाला दिवसाला एकूण २० ते ३० ग्रॅम तेल पुरेसे मानतात, हे लक्षात घेता हा हिशेब जड नाही.

झाकणाचे महत्त्व

प्रस्तुत लेखकास हा धडा कंधार तालुक्यातील एका गावी मिळाला. प्रात्यक्षिकासाठी महिला जमल्या होत्या. रताळ्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या केल्या, तवा तापविला, जाळ मोठा ठेवला. पाच मिनिटांत चकत्या बाहेरून काळ्या पडल्या आणि मोडून पाहाव्यात तो आत करकरीत कच्च्या. बायका पदराआड हसू लागल्या. मागे बसलेली एक आजी उठून पुढे आली आणि म्हणाली, “सायब, त्याला जरा झाकून दम खाऊ द्या की. वरून जाळून आतलं कसं शिजंल?” तिने पुढची खेप पातळ कापून घेतली, जाळ ओढला, वर थाळी पालथी घातली, आणि ती खेप उत्तम उतरली. प्रात्यक्षिक त्या दिवशी तिनेच केले असे म्हणावे लागेल.

आजीच्या बोलण्यात शास्त्र आहे. कंदाच्या आतील भागात पाणी असते, त्यामुळे तेथील उष्णता पाण्याच्या उकळीपलीकडे जात नाही. पिठूळपणा शिजण्यास तेवढी उष्णता पुरते, पण तिला आत पोचण्यास वेळ लागतो. उलट पृष्ठभागावरचे पाणी उडून गेले की तेथील उष्णता भराभर वाढते, तांबूस रंग धरतो आणि मग करपते. आत पोचण्यास लागणारा वेळ बाहेरून न करपता मिळवून देणे, हेच झाकणाचे काम. झाकणाखाली कंदाचीच वाफ कोंडून राहते आणि तिच्यात तो शिजतो. तो शिजल्यावर झाकण काढावे, वाफ जाऊ द्यावी, आणि मग खरपूसपणा आणावा. आधी दम, मग खरपूस. हा क्रम उलटला की पदार्थ बिघडलाच.

तेल अधिक घातले म्हणजे काचऱ्या कुरकुरीत होतात, हाही एक गैरसमज आहे. चकती तव्यावर चुरचुरत असते तोवर आतून वाफ बाहेर येत असते आणि ती तेलाला आत शिरू देत नाही. तव्यावर एकावर एक गर्दी केली, किंवा ओल्या चकत्या टाकल्या, की तवा निवतो, चुरचुर थांबते आणि कंद तेल पिऊ लागतो. म्हणून चकत्या कापडावर कोरड्या कराव्यात आणि तव्यावर एकच थर लावावा. दोन खेपा कराव्या लागल्या तरी चालेल.

तवा लोखंडी किंवा बिडाचा असावा. तो उष्णता धरून ठेवतो. चिंचेसारखा आंबट पदार्थ त्यावर शिजला की तव्यातील थोडे लोह अन्नात उतरते. काचऱ्यांना किंचित काळपट रंग आला तर त्यास भिऊ नये. आपल्याकडील स्त्रियांत रक्तक्षय किती आहे हे पाहता हा लाभच समजावा.

खाजेचे मूळ

सुरण, अरवी व तिची पाने, ज्यांना आपण चमकुरा म्हणतो, ह्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेत व घशात टोचतात, तीच खाज. हे स्फटिक नुसत्या पाण्याने धुऊन जात नाहीत. चांगले शिजविणे आणि आंबटाचा वापर करणे, हेच दोन उपाय पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहेत. कोकणात आमसूल वापरतात, आपल्याकडे चिंच आहे. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चिंचेसाठी कोणास दूर जावयास नको!

सुरण कापण्यापूर्वी हात कोरडे असावेत व त्यांना तेल चोळावे. ओल्या हाताने कापल्यास हात अधिक खाजतात. साल जाड काढावी. पाव इंच जाडीच्या चकत्या करून त्या, लिंबाएवढी चिंच व मीठ घातलेल्या पाण्यात दहा-बारा मिनिटे उकडाव्यात. सुरी अर्ध्यापर्यंत सहज जाऊ लागली की पाणी ओतून टाकावे आणि चकत्या कापडावर पसरून कोरड्या कराव्यात. हे पाणी दुसऱ्या भाजीत वापरू नये. उकडण्याचा कंटाळा करून सुरण तसाच तव्यावर टाकला तर तो वरून कितीही खमंग दिसला तरी घसा धरणारच.

अरवीचे गड्डे सालीसकट उकडावेत, पण मऊ होऊ देऊ नयेत. नंतर सोलून प्रत्येक गड्डा तळहाताने दाबून चपटा करावा व परतावा. तिचा बुळबुळीतपणा पुष्कळांना आवडत नाही. मसाल्यात थोडे ज्वारीचे पीठ मिसळले व चिमूटभर ओवा टाकला की तो जाणवत नाही.

ज्यांना मूतखड्याचा त्रास झाला आहे त्यांनी सुरण व अरवी बेतानेच खावी.

कृती

पाच माणसांसाठी अर्धा किलो कंद घ्यावेत. रताळे चांगले धुऊन घ्यावे; साल पातळ व निरोगी असेल तर काढण्याची आवश्यकता नाही. करंगळीच्या निम्म्या जाडीच्या, म्हणजे पाव इंचाच्या गोल चकत्या कराव्यात. सर्व चकत्या एकसारख्या जाडीच्या असणे हे मसाल्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

एका ताटात सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, अर्धा चहाचा चमचा हळद, दीड चमचा तिखट, एक चमचा धने-जिऱ्याची पूड व चवीपुरते मीठ एकत्र कालवावे. हळद आपल्याच जिल्ह्यातली, अर्धापूर-मुदखेडकडची, ताजी दळलेली मिळाली तर रंग वेगळाच येतो. हा लेप चकत्यांना दोन्ही बाजूंनी लावून दहा मिनिटे ठेवावा. त्याहून अधिक वेळ ठेवू नये, कारण मिठाने पाणी सुटते. तव्यावर टाकण्यापूर्वी प्रत्येक चकती ज्वारीच्या पिठात हलकी घोळवून झटकावी. पुणे-मुंबईकडे ह्यासाठी रवा वापरतात, पण ज्वारीच्या पिठाची खमंग चव रव्याला नाही. हे लेखकाचे मत. वाचकांनी दोन्ही करून पाहावे.

तवा मध्यम तापवून निम्मे तेल पसरावे व चकत्या लावाव्यात. आच मंद करून वर थाळी झाकावी. रताळ्यास पाच-सहा मिनिटे लागतात. उकडलेल्या सुरणास व अरवीस तीन मिनिटे पुरतात. नंतर चकत्या उलथण्याने उलटाव्यात, उरलेले तेल कडेने सोडावे, आणि झाकण न ठेवता तीन-चार मिनिटे खरपूस होऊ द्याव्यात. काडी आरपार गेली की काचऱ्या झाल्या.

ज्यांच्या घरी येसूर आहे त्यांनी तो लेपात न घालता उतरविण्यापूर्वी वरून भुरभुरावा. येसुरातील धान्य व मसाला आधीच भाजलेला असतो, तो पुन्हा तव्यावर भाजला तर कडवट होतो. काळ्या मसाल्याचेही तसेच.

उपवासासाठी हेच करावयाचे तर हळद, धने व ज्वारीचे पीठ वगळावे. हिरवी मिरची व जिरे वाटून लावावे, मीठ सैंधव घ्यावे, पिठाऐवजी शेंगदाण्याचे कूट शेवटी घालावे. गंमत अशी की रताळे, बटाटा, शेंगदाणा व मिरची ही चारही मूळची अमेरिकेची. ती समुद्रापलीकडून आली आणि आपल्या एकादशीच्या ताटात सर्वांत आधी बसली.

कंद निवडताना

काढणीनंतर आठ-दहा दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवलेले रताळे अधिक गोड लागते, कारण त्यातील पिठूळ भागाची साखर होत जाते. ते उकडण्यास उत्तम, पण काचऱ्यांसाठी वापरल्यास लवकर काळे पडते. अशा वेळी आच आणखी मंद ठेवावी. बटाटा शीतपेटीत किंवा शीतगृहात ठेवल्यास त्याचेही असेच होते. कंद गडद तपकिरी होईपर्यंत भाजू नयेत. पिठूळ पदार्थ फार तांबडे होईतो भाजल्यास किंवा तळल्यास त्यात ॲक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य तयार होते, असे २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. सोनेरी रंग आला की उतरवावे.

हिरवी झाक आलेला बटाटा खाऊ नये. बटाटा, रताळे, सुरण ह्या सर्वांत पिठूळ भाग बराच असल्याने मधुमेही माणसाने काचऱ्या खाल्ल्या त्या दिवशी भाकरी तेवढी कमी करावी.

सोंड्या भुंगेऱ्याने पोखरलेले रताळे कडू लागते. कीड लागलेला भाग काढून उरलेले शिजवावे असा मोह होतो, पण कडवटपणा आतवर पसरलेला असतो. असे रताळे टाकून द्यावे. आणि टाकावे म्हणजे गोठ्यात टाकावे असे नव्हे! किडलेल्या व बुरशी लागलेल्या रताळ्यात जनावरांच्या फुप्फुसांना घातक अशी विषे तयार होतात. अशी रताळी खाऊन गुरे धापा टाकू लागतात व दगावतातही. ती खोल पुरून टाकावीत. रताळ्याचा निरोगी हिरवा वेल मात्र गुरांना चांगला चारा आहे.

लागवडीविषयी थोडेसे

गोदावरी व मांजरा ह्यांच्या काठच्या निचऱ्याच्या जमिनीत रताळे चांगले येते. भारी काळ्या रानात पाणी साचल्यास कंद वेडावाकडा होतो, म्हणून सऱ्या-वरंबे आवश्यक. वरंब्यांत दोन फुटांचे अंतर ठेवून वेलाच्या शेंड्याकडील वीतभर लांबीच्या, तीन-चार डोळ्यांच्या फुटव्या लावाव्यात. वेल जमिनीवर पसरून सांध्यासांध्यांना मुळ्या धरतात. ते मधून मधून उचलून फिरवावेत, नाहीतर पोसण्याचे बळ वाटले जाते. साडेतीन ते चार महिन्यांत पीक निघते. परसात चार वरंबे केले तरी घराला पुरे.

सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, पण एकदा काढला की कोरड्या, हवेशीर जागी तो दोन-तीन महिने सहज टिकतो. ही गोष्ट आपल्या भागाला विशेष मोलाची आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पिण्यास पाणी नाही तेथे मेथी-पालकाचे वाफे कोठून राहणार? घरात चार गड्डे सुरण असला तर अशा दिवसांत ताटात भाकरीजवळ डाळीखेरीज आणखी काही तरी पडते.

प्रात्यक्षिक घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी

प्रात्यक्षिक सणाच्या आदल्या दिवशी ठेवू नये. त्या वेळी रताळे महाग असते आणि बायकांना सवडही नसते. सण झाल्यावर चार-सहा दिवसांनी, भाव उतरल्यावर ठेवावे. तवे दोन न्यावेत. एकावर चकत्या झाकून व दुसऱ्यावर न झाकता कराव्यात, आणि काही न बोलता दोन्ही मोडून दाखवाव्यात. सुरणाच्या वेळी उकडलेला व न उकडलेला अशी तुलना करण्याच्या फंदात पडू नये. घसा धरलेली बाई पुढच्या बैठकीस येणार नाही. लहान मुले आली असतील तर त्यांच्यासाठी तिखट न लावलेल्या पाच-सहा काचऱ्या बाजूला काढाव्यात. तेल बाटलीतून थेट ओतू नये, घरच्या चमच्यानेच मोजावे, म्हणजे किती लागले ते सर्वांना दिसेल. सुरणाची सोललेली साल मात्र जाताना गोळा करून बरोबर न्यावी किंवा उकिरड्यात पुरावी, कारण जवळपास शेळ्या असतातच.